जाते थांबले, ओवी थांबू नये



या सदरात आपण जत्रेविषयी बोलतो, भजनाविषयी बोलतो, गोंधळ-पोवाड्याविषयी बोलतो. ही सगळी चारचौघांत होणारी कला. तिला मांडव लागतो, दिवट्या लागतात, समोर ऐकणारी माणसे लागतात. आज मात्र अशा गाण्याविषयी बोलायचे आहे की ज्याला कधी मांडव मिळाला नाही. त्याला ढोलकी नव्हती, तुणतुणे नव्हते, बिदागी तर नव्हतीच. भल्या पहाटे, सगळा गाव झोपेत असताना, घराच्या एका अंधाऱ्या कोपऱ्यात ते गाणे उठायचे आणि कोंबडा आरवून दिस उजाडला की पिठाबरोबर डब्यात जायचे. ते गाणे म्हणजे आपल्या आयाबायांची जात्यावरची ओवी.

तुमच्यापैकी पन्नाशी ओलांडलेल्यांनी ती कानाने ऐकली असेल. आईच्या मांडीवर डोके ठेवून, जात्याच्या घरघरीत झोप लागलेली माणसे अजून गावोगाव आहेत. चाळिशीच्या आतल्यांनी मात्र ती बहुधा सिनेमात किंवा लग्नाच्या हळदीलाच ऐकली. म्हणूनच आज हा विषय काढला. कारण ओवी ज्यांच्या गळ्यात आहे, त्या बाया आता थकल्या आहेत.

दळणाचे कष्ट आणि ओवीचा ताल

आधी जात्याची गोष्ट. दगडाच्या दोन तळ्या. खालची जमिनीवर पक्की, वरची तिच्यावर फिरणारी. मधोमध खिळा, वरच्या तळीच्या कडेला लाकडी खुंटा. मधल्या तोंडात मुठीमुठीने धान्य सोडायचे. त्या मुठीला बाया 'वैरण' म्हणत, जशी बैलाला वैरण तशी जात्याला. जाते गुळगुळीत झाले की दगड धान्य धरत नाही, नुसता घसरतो. मग टाकी लावणारा दारावर येई आणि छिन्नी-हातोडीने तळ्यांना पुन्हा खरखरीतपणा आणून देई.

दहा-बारा माणसांच्या घराला रोज चार-पाच किलो तरी पीठ लागायचे. ज्वारी किंवा बाजरी. शिवाय बाजरीचे पीठ फार दिवस राहत नाही, कडू होते. म्हणून आज दळून आठवडाभर खाऊ, अशी सोयच नव्हती. रोज पहाटे उठायचे, एक पाय लांब सोडून, एक दुमडून बसायचे आणि दीड-दोन तास दगड ओढायचा. त्यानंतर पाणी, शेण, भाकरी आणि मग शेतावरची पाळी. खांदे भरून येत, तळहातांना घट्टे पडत. बाळंतपणाला चार दिवस राहिलेली बाईसुद्धा दळायला बसे.

एकटीला जड जाते म्हणून पुष्कळदा दोघी समोरासमोर बसत. सासू-सून, जावा-जावा, नणंद-भावजय. चार हात एका खुंट्यावर. दोघींनी एका लयीत ओढले तरच जाते हलके फिरते. एकीने ओढले आणि दुसरीने अडवले तर दोघींचेही खांदे दुखतात. ही लय धरायला गाणे लागते. म्हणून ओवी. ती लांब नसते. दोन-तीन ओळींतच तिचे म्हणणे पुरे होते, कारण दगड ओढताना दम तेवढाच पुरतो. एकीने पहिली ओळ घ्यायची, दुसरीने ती उचलून पुढची जोडायची. मध्ये 'बाई', 'सांगते', 'माझ्या' असे शब्द घालून ओळ लांबवायची, तोवर पुढचे सुचते. आणि सूर धरायला तंबोरा कशाला हवा? जात्याची घरघर होतीच.

आपल्यात म्हण आहे, जात्यावर बसले म्हणजे ओवी सुचते. ही म्हण काम अंगावर पडले की मार्ग सापडतो, अशा अर्थाने आपण वापरतो. पण तिचा सरळ अर्थही तितकाच खरा आहे. कित्येक म्हाताऱ्यांना नुसते 'ओवी म्हणा' म्हटले तर आठवत नाही. हातात खुंटा दिला की एकीतून एक निघत जाते. ओवी जशी डोक्यात राहते तशी हातातही राहते.

लेकी बोले, सुने लागे

आता या ओव्यांत असायचे तरी काय?

पहिली ओवी देवाला. विठ्ठल-रुखमाई, महादेव, खंडोबा, गावची आई, ज्याचा त्याचा देव. मग आई-बाप. मग भाऊ. भावाच्या ओव्या तर किती, त्याला मोजदाद नाही. सासरी नांदणाऱ्या बाईला माहेरची वाट दाखवणारा तोच. मुलगा म्हणजे राघू, मुलगी म्हणजे मैना. मग शेत, पाऊस, पेरणी, बैलजोडी, पंढरीची वारी.

यात एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. त्या काळी सून सासऱ्यापुढे तोंड वर करून बोलत नसे. नवऱ्याशीही दिवसाउजेडी बोलायची चोरी. मग मनातले बोलायचे कुठे? एक नदीचा घाट आणि दुसरे जाते. जात्यावर बसलेल्या बाईला गाऊ नको असे कोणी म्हणत नसे, कारण गाणे थांबले तर दळणही थांबेल! अंथरुणात पडलेले सासरे, दीर, नवरा सगळ्यांच्या कानावर ते जायचे. पण कोणाला रागावता येत नसे, कारण ती सासूचे नाव घेतच नव्हती. ती सीतेचे नाव घेत होती.

आपल्या ओव्यांत सीता फार. रामाचा राज्याभिषेक, लंकेचे युद्ध यापेक्षा सीतेचा वनवास, तिचे बाळंतपण, तिला घालवून देणे यांवरच बायांचा जीव अधिक जडला. पोथी सांगणारा बुवा रामाची बाजू मांडेल. जात्यावरची बाई सीतेची मांडते. नांगराच्या तासात सापडलेली लेक, ती शेतकऱ्याच्या बायकोला परकी कशी वाटेल? सीतेचे दुःख गाता गाता ती आपलेच दुःख सांगून टाकायची. लेकी बोले, सुने लागे, अशी आपली म्हण. इथे सून बोलायची आणि ज्याला लागायचे त्याला लागायचे.

सगळ्याच ओव्या गोड नाहीत, हेही सांगितले पाहिजे. मुलीच्या जन्माचे दुःख करणाऱ्या ओव्या आहेत. सवतीविषयीच्या, वांझपणाच्या बोलण्याच्या, जातीचा ताठा दाखवणाऱ्याही आहेत. त्या काळचे घर जसे होते तसेच ओवीत उतरले. आरसा पुसता येतो, त्यातला चेहरा बदलता येत नाही.

नऊशे वर्षांची साक्ष

ओवी किती जुनी? कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या नावाने 'मानसोल्लास' हा संस्कृत ग्रंथ आहे. तो बाराव्या शतकातला. त्यात नाना तऱ्हेच्या गाण्यांची माहिती देताना, महाराष्ट्रातल्या बाया कांडताना ओवी गातात, असे सांगितले आहे. म्हणजे राजाच्या दरबारात बसलेल्या पंडितालाही आपल्या मुसळ हाणणाऱ्या बाईचे गाणे ठाऊक होते. ज्ञानेश्वरी १२९० सालची. ज्या छंदात माऊलींनी गीता मराठीत आणली, त्या छंदाचे नावही ओवीच. ग्रंथातली ओवी साडेतीन चरणांची, नियमात बसवलेली. जात्यावरची मोकळी, दमाला येईल तशी. पण नाव एक आणि नाते जुने.

संत जनाबाईची कथा तर तुम्हाला ठाऊकच आहे. नामदेवांच्या घरी राबणारी जनी, तिच्या जोडीला दळू लागणारा विठ्ठल. पंढरपूरजवळ गोपाळपूरला जनाबाईचे म्हणून जाते दाखवतात, वारकरी त्याला हात लावून येतात. देव भेटावा तर देवळात नव्हे, कामाच्या ठिकाणी भेटावा, समोर बसून खुंट्याला हात लावावा, ही कल्पना दळण दळणाऱ्यांनाच सुचू शकते.

गिरणी आली, बरेच झाले

मग गावात पिठाची गिरणी आली. आधी मोठ्या गावात तेलावरच्या इंजिनाची, फकफक करणारी. मागून वीज आली तशी वाडीवस्तीपर्यंत. साठ-सत्तरच्या दशकांत आणि त्यानंतर बहुतेक गावांत जाते कोपऱ्यात सरकले. काही जात्यांच्या तळ्या न्हाणीच्या दगडाला लागल्या, काही उंबऱ्याशी पायरी झाल्या. आता ते मुख्यतः लग्नात निघते. हळद दळायची, घाणा भरायचा, सवाष्णींनी खुंट्याला हात लावायचा आणि आठवतील त्या चार ओव्या म्हणायच्या.

काही जण म्हणतात, जुने ते सोने, जाते होते तेव्हा बायांची तब्येत चांगली होती. असे म्हणणाऱ्याने एकदा पाच किलो बाजरी स्वतः दळून पाहावी! गिरणी आली ही फार चांगली गोष्ट झाली. बाईच्या खांद्यावरचा दगड उतरला. पहाटेची दोन तास झोप तिला मिळाली, पोरींना शाळेची वेळ गाठता येऊ लागली. जाते परत आणा, असे या सदराला सुचवायचे नाही.

पण दगडाबरोबर गाणेही गेले. कष्ट गेले हे बरे झाले. त्या कष्टातून ज्या शब्दांनी वाट काढली ते शब्द फुकट जाऊ नयेत, एवढेच म्हणणे आहे. दाणे काढून घेतल्यावर कणीस टाकतात. इथे आपण कणसाबरोबर दाणेही टाकून द्यायला निघालो आहोत.

वही ठेवली म्हणून

लिहून ठेवल्याने काय होते, याचा दाखला खानदेशात आहे. जळगावजवळ असोदे गावी १८८० साली बहिणाबाई चौधरींचा जन्म झाला. शेतकऱ्याची लेक, शेतकऱ्याची सून. अक्षरओळख नाही. तिशीत वैधव्य. शेतात काम करताना, घरात दळताना गाणी रचायची आणि म्हणायची. त्यांचे चिरंजीव सोपानदेव आणि एक नातलग यांनी ती गाणी वेळोवेळी उतरवून घेतली. १९५१ साली बहिणाबाई वारल्या. सोपानदेवांनी ती वही आचार्य अत्र्यांना दाखवली आणि १९५२ साली अत्र्यांच्या प्रस्तावनेसह 'बहिणाबाईंची गाणी' हे पुस्तक निघाले. आज शाळेतल्या पोराला ती गाणी पाठ आहेत. २०१८ साली जळगावच्या विद्यापीठाला त्यांचे नाव देण्यात आले. सही न येणाऱ्या कुणबिणीचे नाव विद्यापीठाच्या पदवीवर! हे कशामुळे झाले? त्यांच्या प्रतिभेमुळे, हे तर खरेच. पण घरात कोणीतरी वही घेऊन बसले, म्हणूनही. वही नसती तर ती प्रतिभा चुलीच्या धुराबरोबर गेली असती. अशा किती गेल्या असतील, कोण जाणे.

साने गुरुजींनी बायांकडून ओव्या गोळा करून 'स्त्रीजीवन' हा ग्रंथ केला. सांगली जिल्ह्यातल्या बागणीच्या डॉ. सरोजिनी बाबर यांनी महाराष्ट्र राज्य लोकसाहित्य समितीच्या कामात वर्षानुवर्षे घालवून लोकगीतांचे खंडामागून खंड प्रसिद्ध केले. आणि पुण्याच्या हेमा राईरकर व मूळचे फ्रान्सचे पण इथलेच झालेले गी पॉइटवाँ या दोघांनी गावोगाव फिरून, कार्यकर्त्या बायांना हाताशी धरून नुसत्या जात्यावरच्या ओव्या जमवल्या. किती? एक लाख दहा हजारांच्या वर! एक हजाराहून अधिक गावे, तीन हजारांहून अधिक गाणाऱ्या बाया. नव्वदच्या दशकात त्यांतल्या काही टेपवरही घेतल्या. पॉइटवाँ २००४ साली गेले, हेमाताई २०१० साली गेल्या. २०१७ पासून हा ठेवा 'पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया' या संस्थेने इंटरनेटवर सर्वांना ऐकायला खुला करायला सुरुवात केली. घरातल्या नातवाच्या फोनवर तो ऐकता येतो.

त्यात बीड जिल्ह्यातल्या माजलगावच्या बायांनी गायिलेल्या बाबासाहेब आंबेडकरांवरच्या ओव्या आहेत. भावाच्या, बापाच्या ओवीचाच साचा. पण त्यात आता भीमराव आले. ज्यांच्या घरात पुस्तक येऊ दिले नव्हते, त्या घरातल्या बायांनी आपल्या उद्धाराचा इतिहास जात्यावर मांडून ठेवला. कोणत्या बखरीत तो असा सापडेल?

बखरीत राजा असतो, लढाई असते, तह असतो. ओवीत गावचा बाजार असतो, गावची नदी असते, कोणत्या साली पाऊस गेला आणि कोणाची बैलजोडी विकली गेली हे असते. आगगाडी पहिल्यांदा पाहणाऱ्या बाईचे नवल असते. बायांची सवय अशी की ओवीत आपल्या गावाचे, भावाचे, लेकाचे नाव घालायचे. त्यामुळे तीच ओवी शेजारच्या गावात गेली की नाव बदलते आणि त्या गावची होते. म्हणून लाखभर ओव्या गोळा झाल्या तरी तुमच्या गावची ओवी त्यात आहेच असे नाही. ती तुमच्याच घरातल्या आजीपाशी आहे.

आता करायचे काय?

हिशोब साधा आहे. बहात्तरच्या दुष्काळाच्या आसपास लग्न होऊन सासरी आलेली पंधरा-सोळा वर्षांची सून आज सत्तरीच्या घरात आहे. तिने चार-सहा वर्षे तरी जाते ओढले असेल. तिच्या पाठच्या बायांनी फारसे ओढले नाही. म्हणजे ओवी हातातून शिकलेली ही शेवटची पिढी. म्हणून हे काम पुढच्या सुगीनंतर करू, असे म्हणू नका.

घरातल्या शिकल्या पोरीला किंवा सुनेला हे काम सांगा. एक शंभर पानी वही आणा. संध्याकाळी भाकरी झाल्यावर, माणसे निवांत बसली असताना आजीपाशी बसा. गडबडीत, पुरुषांच्या घोळक्यात विचारू नका. ती लाजेल आणि 'आता काय आठवतंय' म्हणून विषय सोडून देईल. शक्य असेल तर आळीतल्या दोघी-तिघी समवयस्क बायांना एकत्र बसवा. एकीला पहिली ओळ आठवली की दुसरीला पुढची आठवते. कोपऱ्यातले जाते पुसून पुढे ठेवा, मूठभर ज्वारी द्या आणि पाहा.

ओवी जशी म्हटली तशीच लिहा. 'पानी' म्हटले तर पानीच लिहा, त्याचे 'पाणी' करू नका. बाई ज्या गावची, तिथली बोली हेच ओवीचे अंग. न कळलेला शब्द सोडू नका, त्याचा अर्थ तिलाच विचारून कडेला टिपा. जुन्या अवजारांची, दागिन्यांची, पिकांच्या वाणांची कितीतरी नावे अशी सापडतील. ओवीखाली गाणारीचे नाव, माहेरचे गाव, सासरचे गाव आणि वयाचा अंदाज लिहा. जन्मसाल माहीत नसेल तर पानशेतच्या पुराच्या वेळी (१९६१), कोयनेच्या भूकंपाच्या वेळी (१९६७), दुष्काळाच्या साली (१९७२) ती केवढी होती ते विचारा. साल आपोआप निघते. ही ओवी कोणाकडून शिकली तेही विचारा. बहुधा आईचे, आत्याचे नाव सांगेल. असे दोन पिढ्यांचे नाव कागदावर येईल. सातबाऱ्यावर ज्यांचे नाव कधी चढले नाही, त्यांचे निदान इथे तरी चढू द्या.

फोनवर आवाजही घ्या, पण तिला सांगून, तिची परवानगी घेऊन. चाल कागदावर लिहिता येत नाही, ती आवाजातच राहते. फोन बिघडतो, हरवतो. म्हणून दुसऱ्या ठिकाणी एक प्रत ठेवा. एखादी ओवी घरातल्या कोणाला झोंबणारी असेल, जुने भांडण उकरणारी असेल, तर ती चारचौघांत वाचू नका. पण फाडूही नका. तिच्या मनातले ते आहे.

वही भरली की तिची एक नक्कल गावच्या शाळेत किंवा वाचनालयात ठेवा. पोरांना आपल्या गावचा इतिहास शिकवताना गुरुजींना ती उपयोगी पडेल. शिवारातल्या नाल्याचे नाव, पडलेल्या वाड्याची गोष्ट, बंद पडलेला बाजार यांची खूण कदाचित एखाद्या ओवीतच शिल्लक असेल.

आणखी एक. आजीला विचारायला बसाल तेव्हा नुसते गाणे मागू नका, तिचे बोलणेही ऐका. एका ओवीमागे एक हकीकत असते. कोणत्या दिवशी ती सुचली, कोण गेले होते, कोण आले नव्हते. त्या घरात तिने साठ वर्षे काढली, पण 'तुझ्या मनात काय होतं' हे तिला आजवर कोणी विचारले असेल का? ओवीच्या निमित्ताने तेवढे विचारले गेले, तरी वहीचे पैसे फिटले.

पेरणीला बी राखून ठेवणे ही आपली रीत आहे. कितीही ओढगस्त असली तरी शेतकरी बियाण्याच्या कणगीला हात लावत नाही. ओव्यांचेही तसेच. बी राखणारी थोरली बाई घरात आहे, तोवर तिच्याकडून ते मापून घ्या.

रामराम!